सुभेदार, शाळा आणि मदतीचा अर्ज



भिवंडी म्हटली की माग डोळ्यांपुढे येतात, आणि अलीकडे गोदामे. फौजेचे नाव कोणी काढीत नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आपल्या तालुक्याची गोष्ट तशी नाही. इकडे एका गावात एखादा सुभेदार, दुसऱ्या गावात दोन हवालदार, असे निवृत्त फौजी विखुरलेले. पण शाळेच्या कामाला एक सुभेदारही पुष्कळ होतो. त्याच्या हातून काम घडायचे तर पैसा लागतो, आणि पैशासाठी अर्ज. त्या अर्जाविषयी आज मी बोलणार आहे. गावात अर्ज लिहिण्याचे काम कोणाच्या गळ्यात पडते, हे शिक्षक श्रोत्यांना सांगायला नको.

आमच्या गावच्या सुभेदारसाहेबांनी पोरांना सैन्यभरतीसाठी तयार करण्याचे मनावर घेतले. पहाटे पाचला पोरे मैदानावर. मी अर्ज लिहिला. पहिले पान जवानांच्या त्यागाचे. लिहिताना माझेच डोळे पाणावले होते. दुसऱ्या पानावर मैदान सपाट करणे, बूट, बनियन, शिट्टी. अर्ज एका कंपनीकडे दिला. तिथल्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि एकच विचारले, “गुरुजी, मागच्या भरतीत तुमची मुलं नेमकी कुठे अडली?” मला उत्तर देता येईना. सुभेदारसाहेबांनाही येईना. अर्ज परत आला.

राग आला, खोटे कशाला सांगू? पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. रात्री पोरांना देवळात बसवले आणि एकेकाला विचारले. काय निघाले? २०२३ सालापासून भरतीत आधी संगणकावर लेखी परीक्षा असते. तीत उतरला तरच १.६ किलोमीटरची धाव. सुभेदारसाहेबांच्या काळी आधी पळायचे आणि मग लिहायचे. आमची बहुतेक पोरे मैदानापर्यंत पोचलीच नव्हती. कोणी गणितात अडले होते, आणि दोघांनी संगणकाला हात लावला तो थेट परीक्षेच्या दिवशी! सुभेदारसाहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “गुरुजी, मी यांना पहाटे पळवतोय, आणि ही हरतायत खुर्चीवर बसून.”

दुसऱ्या अर्जाचे पहिले वाक्य त्या रात्रीतूनच निघाले. किती मुले परीक्षेस बसली, किती लेखीत अडली, कोणत्या विषयात, एवढेच लिहिले. जवानाचा गौरव काढून टाकला. तो वाचणाऱ्याच्या मनात असतोच, आपण वाढवून काय होणार? मग कोण काय करणार ते. गणित मी शिकवीन. शिस्त आणि धाव सुभेदारसाहेबांची, आठवड्याचे इतके तास, मानधन नाही. विजेचे बिल ग्रामपंचायत भरील, तसा ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला. राहता राहिले संगणक आणि पुस्तके, तेवढेच मागितले. आणि अमुक पोरे फौजेत लागतीलच, असे वचन दिले नाही. लेखी परीक्षेत किती उतरली ते वर्षअखेर कळवू, असे लिहिले.

ठराव हा कागद लहान दिसतो, पण देणारा आधी तोच पाहतो. अण्णा हजारे १९७५ साली फौजेतून राळेगणसिद्धीस आले, तेव्हा प्रथम त्यांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचे देऊळ नीट केले. मग लोक श्रमदानास आले, आणि सरकारची आदर्श गाव योजना आली ती १९९२ साली. आधी गावाने काय घातले, हे ज्या अर्जात नाही तो लंगडाच.

आता मागावे कोणाकडे? २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. त्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चावयाचे असतात. सातव्या अनुसूचीतील कामांत शिक्षण आहे, ग्रामविकास आहे, आणि माजी सैनिक, वीरपत्नी व त्यांचे कुटुंबीय यांचे साहाय्यही आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. म्हणजे माणकोली-राहनाळच्या गोदामांपुढून रोज सायकलने जाणाऱ्या पोराचा हक्क थोडा जवळचाच. मात्र काल स्थापलेल्या मंडळाला हा पैसा मिळत नाही. संस्थेला अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय सरकारदरबारी नोंदणीही. तेव्हा शाळा चालवणारी जुनी संस्था पुढे करावी. कंपनीचा वर्षाचा आराखडा ठरून गेल्यावर अर्ज नेण्यात अर्थ नाही. आम्ही एकदा तसे केले आहे. गावात फौजी ठाऊक नसेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी, माजी सैनिकांची नोंद तिथे असते.

एक गोष्ट राहिली. २०२२ च्या अग्निपथ योजनेत जवान चार वर्षांसाठी घेतात आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवतात. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर घरी परततात. अशा पोरांना गावात आल्यावर काय काम? सुभेदारसाहेबांचे गुडघे आता बोलू लागले आहेत. म्हणून अर्जात आम्ही एक ओळ घातली होती, की परतलेला अग्निवीर हा वर्ग पुढे चालवील आणि त्याला मानधन द्यावे. संगणक मिळाले, पुस्तके मिळाली. त्या ओळीला पैसे मिळाले नाहीत. यंदाच्या अर्जात ती पुन्हा आहे, आणि या वेळी पहिल्या पानावर.