स्मृतीचें अंतर

पत्त्याच्या एका पानाएवढ्या पाटीवर आज संपूर्ण गणकयंत्र मावतें. 'बीगलबोन ब्लॅक' ही अशीच एक पाटी. ती २०१३ सालीं बाजारांत आली. तिजवर लिनक्स चालतें. मुख्य प्रोसेसर सेकंदास एक अब्ज ठोके घेतो, आणि ५१२ मेगाबाइटांची स्मृति त्याच्या दिमतीस असते. पण जाणत्यांचें प्रेम आहे तें त्याच चिपच्या पोटांत बसलेल्या दोन लहान साहाय्यक प्रोसेसरांवर.

मुख्य प्रोसेसर म्हणजे मोठ्या कचेरींतला शिरस्तेदार. त्याच्या मेजावर पन्नास कामें. लिनक्स सांगेल तें तो आधीं उचलतो, आणि अमुक क्षणीं अमुक तार हालवीन असें वचन कांहीं देऊं शकत नाहीं. साहाय्यकाचें तसें नाहीं. त्याचा ठोका ५ नॅनोसेकंदांचा, बहुतेक आज्ञा एकाच ठोक्यांत पुरी होणारी, आणि पाटीच्या कांहीं तारा थेट त्याच्या हातीं. असा हा वक्तशीर नोकर बेभरंवशाचा होतो तो बहुधा एकाच कारणानें: सामान दूर ठेवल्यामुळें.

सजावटीच्या रंगीत दिव्यांची माळ घ्या. डब्ल्यूएस २८१२ जातीच्या दिव्यांना एकाच तारेवरून रंग कळवावा लागतो. तारेवरचा दाब अंदाजे ०.४ मायक्रोसेकंद चढा राहिला तर शून्य, ०.८ राहिला तर एक; आणि चूक चालते ती १५० नॅनोसेकंदांपर्यंत. म्हणजे साहाय्यकाचे अवघे ३० ठोके! आतां त्यानें स्वतःच्या जवळच्या स्मृतींतून कांहीं वाचलें तर तीनएक ठोके जातात. तेंच पाटीवरच्या मोठ्या स्मृतींतून आणावयाचें तर चाळीसच्या आसपास. आणि त्याच वेळीं मुख्य प्रोसेसरहि त्या वाटेनें जात असला तर किती, हें आधीं सांगतां येत नाहीं. वाचन पुरें होईपर्यंत साहाय्यक जागचा हलत नाहीं. कढईंत तेल तापल्यावर मोहरीसाठीं वाण्याकडे धांवणाऱ्या सुगरणीची फोडणी जळावी, तसा हा प्रकार. दाब चढा असतांना ही फेरी पडली कीं शून्याचा एक वाचला जाण्याचा धोका, आणि दिव्यांत भलताच रंग उमटतो.

नवशिके अशा वेळीं अधिक वेगवान प्रोसेसर शोधूं लागतात. तो खर्च बहुधा व्यर्थ होय. मोहरी चुलीजवळ ठेवावी, म्हणजे झालें. प्रत्येक साहाय्यकाजवळ ८ किलोबाइटांची स्वतःची स्मृति आहे, शिवाय १२ किलोबाइट दोघांत सामाईक. एका दिव्यास ३ बाइट लागतात. तेव्हां त्या ८ किलोबाइटांत अडीच हजार दिव्यांचे रंग मावून थोडी जागा उरते. ते तेथें पोंचवावे मात्र मुख्य प्रोसेसरानें. कारण लिहिणें आणि वाचणें यांचा खर्च सारखा नाहीं. लिहिणें म्हणजे पत्र पेटींत टाकणें. टाकणारा लागलीच आपल्या कामास मोकळा. वाचणें म्हणजे प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत दारांत उभें राहणें.

मोठ्या स्मृतीकडे साहाय्यकास जावेंच लागलें, तर एका फेरींत पुष्कळ माल आणावा. त्याची वाचनाची एकच आज्ञा अनेक बाइट एकदम आणूं शकते; चालण्याचा मुख्य खर्च एकदांच पडतो.

याहून कठीण प्रसंग 'बीगललॉजिक' या साधनांत दिसतो. २०१४ सालच्या या प्रकल्पांत १४ तारांची स्थिति सेकंदास १० कोटि वेळां टिपावयाची, म्हणजे दर दोन ठोक्यांस एक नोंद. इतक्या घाईंत मोठ्या स्मृतीकडे पाहण्यासहि उसंत नाहीं. तेथें दोघे साहाय्यक काम वांटून घेतात. एक फक्त तारा न्याहाळून नोंदी आपल्या रजिस्टरांत भरतो, आणि भरल्या कीं त्या एका ठोक्यांत जोडीदाराच्या हवालीं करतो. जोडीदार त्या मोठ्या स्मृतींत लिहून टाकतो. अशा देवघेवीसाठीं दोघांच्या मध्यें ३० रजिस्टरांचे तीन संच मुद्दाम ठेवलेले आहेत. स्मृतीची वाट गजबजली तर खोळंबतो तो दुसरा. पहिल्याची नजर तारांवरून ढळत नाहीं.