पास की तिकीट: आईबाबांची जपानवारी आणि माझं चुकलेलं गणित

आजचा विषय तुम्हीच सुचवलेला आहे. गेल्या दोनेक महिन्यांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "घरचे जपानला येतायत, जेआर पास काढू की सुटी तिकिटं?" मी टोकियोत राहतो, कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे असल्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर असणार असं लोकांना वाटतं. उत्तर आहे. पण ते माझ्याकडे पैसे आणि आईची नाराजी मोजून आलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पासाबद्दल. जपान रेल पास म्हणजे जेआर गटाच्या रेल्वेवर ठरावीक दिवस हवं तितकं फिरा. ७, १४ किंवा २१ दिवस. हे दिवस सलग मोजले जातात, मधला एक दिवस घरी बसलात तरी तो गेलाच. ऑक्टोबर २०२३ पर्यंत सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला होता. तो एका झटक्यात ५०,००० झाला. इंटरनेटवर "डोळे मिटून पास घ्या" असं सांगणारे जे जुने व्हिडिओ आहेत ना, ते सगळे या आधीचे. तेव्हा ते खरंच होतं. टोकियो ते क्योतो जाऊन-येऊन केलं की जवळजवळ पैसे सुटायचे. आता तसं राहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट, हा पास पर्यटकांसाठी आहे. पासपोर्टवर 'टेम्पररी व्हिजिटर' असं लागतं. माझ्यासारखा इथे नोकरीच्या व्हिसावर राहणारा माणूस तो वापरू शकत नाही. म्हणजे सगळं कुटुंब पासावर आणि त्यांना फिरवणारा मी तिकिटावर. बाबा म्हणाले, "म्हणजे तू ड्रायव्हर कंडक्टर दोन्ही, तरी तिकीट तुलाच."

तर २०२४ चा मे महिना. शाळांना सुट्टी, म्हणून ताई, भाऊजी आणि त्यांची दोन मुलं, एक आठ वर्षांचा आणि एक पाच वर्षांची, आणि आई-बाबा. गोल्डन वीकची गर्दी संपल्यावर या, असं मीच सांगितलं होतं. एकूण दहा दिवस. बाबा रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिकिटांचा खर्च मीच करणार म्हणून हटून बसले होते. त्यामुळे एकेक येन वाचवणं ही माझी जबाबदारी, असं मी मनाशी धरलं.

मी काय केलं, एक स्प्रेडशीट बनवली. टोकियो ते क्योतो, हिकारी गाडीचं रिझर्व्ह सीट, सुमारे १४,००० येन. जाऊन-येऊन २८,०००. क्योतो ते हिरोशिमा साडेअकरा हजारांच्या आसपास, जाऊन-येऊन २३,०००. झाले ५१,०००. हिरोशिमाहून मियाजिमा बेटावर जायचं तर मियाजिमागुचीपर्यंत लोकल ४२० येन, पुढे जेआरची फेरीबोट २०० येन, दोन्ही दुप्पट. आणि क्योतोहून नारा ७२० येन, तेही दुप्पट. सगळं मिळून ५३,७०० च्या आसपास. पास ५०,००० चा. म्हणजे माणशी ३,७०० वाचले. मुलांचा नियम असा की ६ ते ११ वयाला अर्धं, त्याहून लहान फुकट, पण वेगळी सीट घेतली नाही तर. म्हणजे आपले हिशोबाला साडेचार जण. साडेचार गुणिले ३,७००, साडेसोळा हजार येन. तेव्हाच्या भावाने नऊ हजार रुपये. मी कॉलर टाइट करून फॅमिली ग्रुपवर टाकलं, आणि ताईने पुण्यातून पास काढले. सव्वादोन लाख येन, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास रुपये.

आता तुमच्यातल्या काही जणांना चूक दिसली असेल. हिरोशिमा काढून टाकलं तर काय उरतं? २८,००० आणि नाराचे चौदाशे. पन्नास हजारांच्या पासात वीस हजार बुडीत. म्हणजे माझा तो नऊ हजार रुपयांचा फायदा एकाच दिवसावर टांगलेला होता. हिरोशिमाला गेलो तर फायदा, नाही गेलो तर मोठा तोटा. आणि तो दिवस म्हणजे सातातला चौथा.

गंमत बघा, लहानपणी हेच मी भोगलेलं आहे. बाबांनी एकदा एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढला होता. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, आणि परत येताना जेजुरी नको म्हणून स्टँडवर बसून रडणारी ताई. बाबांचं एकच वाक्य, "पास काढलाय ना, मग बसायचं कशाला?" वीस वर्षांनी तेच वाक्य मी टोकियोत बोलणार होतो, फक्त लाल डब्याऐवजी शिनकानसेन.

पहिला दिवस झकास गेला. एक सांगून ठेवतो, तिन्ही मापं मिळून १६० सेंटिमीटरच्या वर असलेली बॅग या मार्गावर न्यायची तर तिच्यासाठी मागच्या जागेचं सीट आधी बुक करावं लागतं. आपल्या घरच्या बॅगा त्याच असतात, लोणच्यासकट. आम्ही मोठ्या बॅगा माझ्या घरीच ठेवल्या. धाकटी अडीच तासांहून जास्त भाऊजींच्या मांडीवर, कारण फुकट म्हणजे बिनासीटची. नोझोमी ही सगळ्यात वेगवान गाडी पासात येत नाही, वर वेगळे पैसे भरावे लागतात, म्हणून हिकारी. क्योतोला वीस-पंचवीस मिनिटं उशिरा पोचता, त्याने काही बिघडत नाही.

तिसऱ्या दिवशी नारा. हरणं, तोदाइजी, भरपूर चालणं. संध्याकाळी आईचे गुडघे सुजले. ती काही बोलली नाही, ताईने सांगितलं. मी म्हटलं, उद्या सकाळी बघू.

सकाळी सहाला आई साडी नेसून तयार. मी विचारलं, "आई, जमेल का? नाहीतर तू थांब." ती म्हणाली, "एवढे पन्नास हजार घातलेत माझ्या नावाचे. थांबून कसं चालेल?" खरं सांगतो, मला त्या क्षणी हायसं वाटलं. माझी स्प्रेडशीट वाचली.

क्योतोहून पासावर हिरोशिमाला जायचं तर साधारणपणे शिन-ओसाकाला गाडी बदलावी लागते. हिकारीतून उतरा, फलाट शोधा, साकुरा पकडा. नोझोमी सरळ जाते, पण ती पासात नाही. स्प्रेडशीटमध्ये 'एक बदल' असा रकाना होता, त्यात १ लिहिलं होतं. तो १ म्हणजे लिफ्ट शोधत आईला फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवणं, आणि पुढची गाडी सुटेल म्हणून मागून घाई करणं.

हिरोशिमाला शांतता स्मारकाच्या बागेत आई बाकावर बसली ती उठलीच नाही. संग्रहालय बाबांनी आणि ताईने पाहिलं, मी तिच्याजवळ बसलो. दुपारी मी मोबाईल बघून म्हटलं, आता निघालो तर मियाजिमा होईल, पाण्यातली ती मोठी तोरी कमान बघशील, आणि फेरीबोट पासात फुकट आहे. दोनशे येनची फेरीबोट. शंभर-सव्वाशे रुपये.

आई म्हणाली, "अरे, तुझं गणित बरोबर असेल. पण गुडघे माझे आहेत."

आणि मग जरा थांबून, "मी तुझं घर बघायला आले होते. चार दिवस झाले, तुझ्या ओट्यावर मी अजून चहासुद्धा केला नाही."

मियाजिमाला आम्ही गेलो नाही. पुढचा अख्खा दिवस आई क्योतोच्या खोलीत पाय वर करून पडून होती. म्हणजे दहा दिवसांतला एक तो गेला, आणि हिरोशिमाचाही तिच्यापुरता गेलाच.

आता ज्यासाठी हा भाग ऐकताय ते. माझी हिशोबाची पहिली चूक म्हणजे मी दोनच पर्याय ताडून बघितले, मोठा पास किंवा सगळी सुटी तिकिटं. मधले पर्याय असतात. जेआर वेस्टचा कान्साई-हिरोशिमा पास तेव्हा पाच दिवसांसाठी १७,००० येनला होता, शिन-ओसाका ते हिरोशिमा शिनकानसेन, मियाजिमाची फेरीबोट आणि नारा धरून. टोकियो-क्योतोची सुटी तिकिटं २८,००० आणि हा १७,००० चा, मिळून ४५,०००. मोठ्या पासापेक्षा माणशी पाच हजार कमी! हे मला सगळे परत गेल्यावर कळलं. ताईला अजून सांगितलेलं नाही, ती हे ऐकत नसावी.

दुसरी चूक जास्त महागाची. पास हा आधी खरेदी केलेला निर्णय असतो. एकदा वापर सुरू झाला की पैसे परत नाहीत. सुटं तिकीट आदल्या संध्याकाळी, अगदी त्या सकाळीही काढता येतं. त्याला चार पैसे जास्त पडले तर ते मी आता गुडघ्यांचा विमा म्हणून धरतो. तरुण मंडळी असाल, रोज नवीन शहर करणार असाल, तर पास जरूर घ्या. पण बरोबर साठीच्या पुढचे लोक किंवा लहान पोरं असतील, तर सगळ्यात लांबचा एक दिवस हिशोबातून काढा आणि परत बघा. त्यानंतरही पास परवडत असेल तरच घ्या. माझा पहिल्याच फटक्यात नापास झाला असता.

आणि टोकियोत आल्यावर पासाचा भाव बघून हुरळू नका. मी राहतो निशी-कसाईला, तिथे मेट्रोची तोझाई लाइन. त्यावर हा पास चालतच नाही. क्योतोच्या सिटी बसलाही नाही.

सातवा दिवस, पासाचा शेवटचा. आम्ही परत घरी होतो. आई सकाळपासून ओट्याशी, माझे डबे हुंगून बघत, पोळ्या करत. मी म्हटलं आज कुठेच जायचं नाही. बाबा मात्र चपला घालून तयार. मेट्रोचं वेगळं तिकीट काढून ओतेमाचीला गेले, तिथून चालत टोकियो स्टेशन, आणि पास दाखवून यामानोते लाइनवर बसले. ती गोल फिरते, तीस स्टेशनं, एका फेरीला तासभर. दोन फेऱ्या मारून दुपारी जेवायला घरी आले. हात धुता धुता मला म्हणाले, "आज थोडेतरी वसूल केले."