उकैरची लाल रेघ



अरबस्तानचा नकाशा समोर घेतला, तर इराक, कुवेत आणि सौदी अरबस्तान यांच्या सरहद्दी पट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ गेलेल्या दिसतात. डोंगराची धार नाहीं, नदीचें वळण नाहीं. निसर्ग अशा रेघा काढीत नाहीं. ह्या रेघा मूळ काढल्या एका इंग्रज मुत्सद्द्यानें, १९२२ सालच्या अखेरीस, इराणी आखाताच्या काठावरील उकैर नांवाच्या ओसाड बंदरांत, तंबूंत बसून. त्यांचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

ह्या मुत्सद्द्याचें नांव सर पर्सी कॉक्स. आपल्या मुलुखाशींही त्यांचा थोडा संबंध आलेला होता. लष्करांतून ते हिंदुस्थान सरकारच्या मुलकी कारभारांत शिरले, तेव्हां त्यांच्या आरंभींच्या नेमणुका कोल्हापूर व सावंतवाडी येथें झाल्या होत्या. पुढें सोमाली किनारा, मस्कत, बुशायर अशा पायऱ्या चढत ते १९२० सालीं बगदादला हायकमिशनर झाले. अरबी त्यांना उत्तम येत असे. परंतु त्याहूनही उत्तम त्यांना गप्प बसतां येई, अशी त्यांची ख्याति होती.

आतां भांडण काय होतें तें पाहूं. १९२१ सालीं इंग्रजांनीं इराकच्या गादीवर मक्केच्या शरीफ हुसेनचा मुलगा फैसल याला बसविलें. त्याच वर्षीं हुसेनचा कट्टर वैरी, नज्दचा सुलतान अब्दुल अझीझ इब्न सौद, यानें हाईल जिंकून आपलें राज्य थेट इराकच्या वेशीपर्यंत नेऊन भिडविलें. दोघेही इंग्रजांचे दोस्त आणि दोघेही एकमेकांचे शत्रु! त्यांतच इब्न सौदचे ‘इख्वान’ म्हणविणारे कडवे अनुयायी इराकी टोळ्यांवर धाडी घालूं लागले. मे १९२२ मध्यें मुहम्मरा येथें एक तह झाला. पण त्याला मान्यता देण्याचें इब्न सौदनें साफ नाकारलें.

हें भांडण जमिनीचें होतें, असें म्हटलें तर तें अर्धेंच खरें होईल. वाळवंटांत जमिनीला किंमत नसते. किंमत असते विहिरीला, आणि पाऊस पडून गेल्यावर चार दिवस उगवणाऱ्या चाऱ्याला. प्रत्येक टोळीचा फिरण्याचा एक प्रदेश ठरलेला असे. त्याला तेथें ‘दीरा’ म्हणत. हिवाळ्यांत उंटांचे कळप शेंकडों मैल पसरावयाचे, आणि उन्हाळा आला कीं आपापल्या पिढीजात विहिरींवर परत यावयाचें, असा हा क्रम. राज्य कोणाचें, हें विचारलें तर उत्तर सोपें होतें : ज्याला टोळी जकात देते त्याचें! आपल्याकडे पूर्वीं नाक्यावर घेतली जाई ती जकात आणि ही जकात, शब्द एकच. मात्र तेथें ती धर्माची देणगीही होती आणि राजनिष्ठेची खूणही. तेव्हां सरहद्द ही त्या लोकांच्या दृष्टीनें माणसांबरोबर चालणारी वस्तु होती. टोळीनें धनी बदलला कीं सरहद्द शंभर मैल सरकली!

इब्न सौदचें म्हणणें नेमकें हेंच होतें. नकाशा नको, टोळ्या वांटून घ्या, विहिरी त्यांच्या मागोमाग येतील. कॉक्स यांना हें समजत नव्हतें असें नाहीं, समजत होतें. पण बगदादला मंत्रिमंडळ होतें, सीमा ठरल्यावांचून राज्य कशाला म्हणावयाचें, असा नव्या जगाचा कायदा होता, आणि लंडनला खर्च कमी करावयाचा होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस उकैरला तंबू पडले. इराकच्या वतीनें सबीह बे नांवाचे मंत्री आले होते. कुवेतच्या शेखाचा कोणीही माणूस तेथें नव्हता. त्याच्या वतीनें बोलण्यास कुवेतमधील इंग्रज पोलिटिकल एजंट मेजर मोर बसले होते. आणखी एक गृहस्थ आसपास घोंटाळत होते, मेजर होम्स. ते तेलाचा मक्ता मिळविण्याच्या खटपटींत होते, आणि पुढच्याच वर्षीं अल्-हसा प्रांताचा मक्ता त्यांना मिळालाही.

पुढें काय घडलें, ह्याचें सर्वांत प्रसिद्ध वर्णन तेथें हजर असलेल्या हॅरल्ड डिक्सन यांनीं केलेलें आहे. तें ग्रंथरूपानें आलें १९५६ सालीं, म्हणजे चौतीस वर्षांनीं. इतक्या काळांत कोणाच्याही आठवणींवर थोडा रंग चढावयाचाच, हें ध्यानांत ठेवून तें ऐकावें. ते सांगतात कीं, पांच दिवस नुसती वादावादी चालली. इराकचा मंत्री आपली हद्द रियाधच्या जवळ नेऊन ठेवी, तर सुलतान आपली हद्द उत्तरेस पार हलबपर्यंत पोंचवी. अखेर कॉक्स यांचा धीर सुटला. त्यांनीं सुलतानाला एखाद्या शाळकरी पोरासारखें खडसावलें, लाल पेन्सिल हातीं घेतली, आणि आखातापासून पश्चिमेकडे रेघ ओढून दिली. इराकला पुष्कळसा मुलूख मिळाला. त्याची भरपाई म्हणून इब्न सौदला जें दिलें, तें कुवेतचें. १९१३ च्या इंग्रज-तुर्की करारांत कुवेतच्या शेखाचा म्हणून मानलेला जो प्रदेश होता, त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग गेला.

त्या संध्याकाळीं सुलतानाच्या डोळ्यांत अश्रु आले आणि कॉक्स यांचेही डोळे भरून आले, असें डिक्सन लिहितात. असेल. परंतु कुवेतचा तरुण शेख अहमद ह्याचा मुलूख गेला, तेव्हां तो तेथून दूर आपल्या घरीं होता. कॉक्स यांनीं परत जातांना त्याची गांठ घेऊन ही बातमी त्याला स्वतः सांगितली. न विचारतां हें कां केलें, एवढेंच त्यानें विचारलें. ह्या प्रश्नाला इब्न सौदची तलवार लांब आहे, ह्यापलीकडे उत्तर नव्हतें.

रेघेच्या दोन ठिकाणीं मात्र कॉक्स यांनीं पेन्सिल आवरती घेतली. एक तुकडा नज्द आणि कुवेत यांच्यामध्यें, दुसरा शंकरपाळ्याच्या आकाराचा नज्द आणि इराक यांच्यामध्यें; हे दोन्हीं तटस्थ ठेवले. तेथें दोन्हीं बाजूंच्या हक्कांत भेद करावयाचा नाहीं, कोणाचेही उंट पाण्यावर यावेत. माझ्या मतें साऱ्या तहांत वाळवंटाची रीत ओळखून केलेलें असें काम हेंच. कुवेतकडील तुकड्यांत १९५३ सालीं तेल लागलें, आणि १९६५ च्या करारानें त्याची वांटणी ठरली. तेल मात्र सामायिक राहिलें. इराककडील शंकरपाळाही पुढें वांटला गेला.

२ डिसेंबरला सह्या झाल्या. त्या कागदांत एक कलम होतें : सरहद्दीच्या आसपासच्या विहिरींचा व पाणवठ्यांचा कोणत्याही सरकारनें लष्करी कामासाठीं उपयोग करूं नये, तेथें किल्ले बांधूं नयेत. दिसावयास अगदीं साधें कलम. पण ‘आसपास’ म्हणजे किती? १९२७ सालीं इराकनें बुसैया येथील विहिरींवर पोलिसांचें ठाणें बांधावयास घेतलें. बगदादचे अधिकारी म्हणत, तें सरहद्दीपासून कितीतरी मैल आंत आहे. मोटार आणि विमान ज्यांच्यापाशीं आहे, त्यांना तें लांब वाटणारच. परंतु त्या विहिरींवर उन्हाळा काढणाऱ्या मुतैर टोळीला तें दाराशींच होतें. पाण्यावर बंदूक बसली कीं भोंवतालचा सारा मुलूख बंद झाला! नोव्हेंबरमध्यें मुतैर स्वारांनीं त्या ठाण्यावर हल्ला केला आणि काम करणारे मजूर व पोलीस कापून काढले. मरणारे बिचारे विटा रचणारे. त्यांना कलम ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

मग विमानें आलीं, बाँब पडले. १९२८ सालीं जेद्दाला सर गिल्बर्ट क्लेटन दोनदां वाटाघाटीस गेले. दोन्हीं वेळां बोलणें ह्या ठाण्यांवरच अडलें. इब्न सौदची तर दोहींकडून कोंडी झाली. ठाणीं पाडा म्हणून तो इंग्रजांना सांगत होता, आणि रेघ पाळा म्हणून आपल्याच इख्वानांना. त्यांनीं ती पाळली नाहीं. १९२९ च्या मार्चमध्यें सिबिला येथें त्यानें त्यांचा पराभव केला. मुतैरांचा प्रमुख फैसल अद्-दुवीश अखेर इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्या वेळीं कुवेतमध्यें पोलिटिकल एजंट म्हणून तेच डिक्सन होते, ज्यांनीं उकैरला ती लाल पेन्सिल पाहिली होती. जिवाला अपाय करणार नाहीं असें वचन घेऊन १९३० च्या आरंभीं इंग्रजांनीं दुवीशला इब्न सौदच्या हवालीं केलें. पुढच्याच वर्षीं तो रियाधच्या तुरुंगांत मरण पावला.