मोठी झालेली बाहुली



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा व्याख्यान नव्हे, माझ्या हातून झालेली चूक सांगते.

नणंदेकडे अमेरिकेला गेले होते. तिचे यजमान तिकडेच जन्मलेले, पन्नाशी उलटलेले. त्यांच्या कपाटात पुठ्ठ्यावर बसवलेल्या वीतभराहून मोठ्या बाहुल्या होत्या. भाच्याने एक मागितली. मी वेष्टन फाडून दिली. नणंदेने कपाळाला हात लावला! हौशी लोक ते वेष्टन कधी फोडत नाहीत म्हणे.

मग कळले. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपट आला. केनर कंपनीची खेळणी त्या नाताळाला तयारच नव्हती, म्हणून तिने आगाऊ नोंदणीचे नुसते पाकीट विकले, आणि लोकांनी घेतले! पावणेचार इंची बाहुल्या १९७८ साली मिळाल्या. पुढे जेंटल जायंट कंपनीने त्याच संगणकावर मोजून बारा इंची केल्या. सुधारणा काही नाही. मान, हात, पाय तेवढे हलतात, पुठ्ठाही जुन्या धर्तीचा.

“भावजी, एवढी मोठी कशाला?” मी भीतभीत विचारले.

“वहिनी, पाच वर्षांचा होतो तेव्हा ती माझ्या मुठीबाहेर यायची. आता जुनी घेतली तर मुठीत हरवते. ही तेवढीच वाटते.”

माझी पितळी भातुकली आईने मोडीत घातली, ती आठवली. (मोठी भातुकली मी रोज घासतेच म्हणा!)

रागावले नाहीत. मात्र फाटका पुठ्ठा त्यांनी सरळ करून कपाटात ठेवला. बाहुली भाच्याकडेच राहिली.