संसद, शेजारी आणि वरूडचा संत्रा



परराष्ट्रधोरणाचा विषय हमाल-मजुरांत वावरणाऱ्या माणसाने का घ्यावा, असे काहींना वाटले असेल. पण वरूडच्या मंडीत पेटी उचलणारा हमाल आणि फळे निवडणारी बाई यांची रोजी ढाक्याच्या बाजाराला बांधलेली आहे. आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने 2019 पासून आयात शुल्क चढवत नेले. किलोमागे सुमारे 20 रुपये होते, ते 2023 पर्यंत 88 रुपये झाले. माल इकडेच तुंबला, भाव पडला. बगीचेवाल्याच्या नुकसानीची निदान चर्चा झाली. न भरलेल्या ट्रकमागे बुडालेली रोजी कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

याच काळात आपण काय करीत होतो? सप्टेंबर 2019 मध्ये आपण कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. पुढच्याच महिन्यात शेख हसीना दिल्लीला आल्या आणि आधी कळवले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. तरी 2020 आणि 2023 मध्ये पुन्हा निर्यातबंदी झालीच. कांद्याचा राग संत्र्यावर निघाला, असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे परकीय चलनाची ओढाताणही होती. माझे म्हणणे एवढेच की, निर्यातबंदी व्यापार खात्याची, शेजाऱ्याची समजूत परराष्ट्र खात्याची आणि झळ मात्र मजुराला. या तिन्ही गोष्टी एकत्र मांडून जाब विचारण्याची जागा संसद हीच आहे.

मग संसदेच्या हाती काय आहे? परदेशाशी करार करणे हे आपल्याकडे सरकारचे काम. त्याला संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे असे नाही. मुलूख द्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते, असे बेरुबारी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये सांगितले. म्हणूनच बांगलादेशाशी 1974 मध्ये झालेला सीमाकरार पुरा व्हायला 2015 ची शंभरावी घटनादुरुस्ती लागली. जमिनीच्या तुकड्यासाठी संसद लागते. बाजारपेठ हातची जाते तेव्हा तिला विचारण्याचे बंधन कोणावरच नाही.

प्रश्नोत्तराचा तास आहे. 1993 पासून खातेवार स्थायी समित्या आहेत. परराष्ट्र व्यवहार समितीत लोकसभेचे 21 व राज्यसभेचे 10 सभासद बसतात आणि अधिकाऱ्यांना बोलावून विचारपूस करतात. ऑगस्ट 2024 मध्ये हसीनांचे सरकार कोसळले. डिसेंबर 2025 मध्ये या समितीने भारत-बांगलादेश संबंधांवर अहवाल मांडला. काम मोलाचे आहे, पण शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत.

कोणी म्हणेल, शेजार पेटलेला असताना सरकारला चव्हाट्यावर प्रश्न विचारू नयेत. वाटाघाटीतले गुपित राखावे, हे मलाही मान्य आहे. मालकाशी बोलणी चालू असताना युनियनचा पुढारीसुद्धा सगळेच बोलून दाखवीत नाही. पण बोलणी आटोपल्यावर त्याला गेटसभेत उभे राहावे लागते; काय मिळवले, काय सोडले, ते सांगावे लागते. जो सांगत नाही, त्याला कामगार पुढल्या खेपेस निवडत नाहीत.

आपला तालुका अमरावती जिल्ह्यात, पण लोकसभेचे आपले मत वर्धा मतदारसंघात. मते मागायला येणाऱ्यांना रस्ता-पाणी विचाराच. पण संत्र्यावरच्या शुल्काबद्दल सभागृहात कोणता प्रश्न टाकणार आणि अहवालातल्या शिफारशींचे काय झाले हे कसे पाहणार, हेही विचारा. बगीचेवाल्याने विचारावे, हमालाने विचारावे, फळे निवडणाऱ्या बाईने तर आधी विचारावे.