विहिरीची नोंदवही

(मंडळाच्या हिंजवडी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह या विषयांवर बोलण्याची आपली परिपाठी आहे. आज आम्ही विहिरीविषयी बोलणार आहोत. ज्या हिंजवडीत म्हातोबाच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यापुढे घरच्या विहिरीचे पाणी ठेवण्यात येई, तेथे आता टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा हा विषय अप्रस्तुत ठरू नये.

आमच्या एका आप्तांच्या मळ्यात जुनी बांधीव विहीर होती. काही वर्षांपूर्वी शेजारी इमारती उठल्या, खोल विंधणविहिरी घेण्यात आल्या आणि पुढच्याच चैत्रात मळ्यातली विहीर कोरडी पडली. आप्त तक्रार घेऊन गेले, तेव्हा त्यांना एकच प्रश्न विचारण्यात आला : पूर्वी पाणी किती परसांवर होते? त्यांनी सांगितले, "भरपूर होते." परंतु 'भरपूर' हा शब्द न्यायाच्या ताजव्यात घालता येत नाही. विहीर शेजारच्या उपशानेच आटली, असे आम्हीही छातीठोकपणे म्हणत नाही. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे साधनच आपल्यापाशी नव्हते, हे आमचे खरे दुःख आहे.

या बाबतीत परदेशातील एका उद्योगाचा दाखला घेण्यासारखा आहे. मीठ, युरेनियम इत्यादी खनिजे काही ठिकाणी खाण न खणता काढतात. विहिरीवाटे पाणी किंवा द्रावण भूगर्भात सोडावयाचे, त्यात खनिज विरघळू द्यावयाचे आणि ते वर उपसून घ्यावयाचे. कझाकस्तानात युरेनियम मुख्यत्वे याच रीतीने निघते. अशा विहिरींवर पाळावयाच्या शिस्तीची सूत्रे तीन. काम सुरू होण्यापूर्वीच तेथील पाण्याची पातळी व गुण तपासून लिहून ठेवणे. सभोवती निरीक्षण-विहिरींचे कडे करून क्षार व विद्युतवाहकता वारंवार मोजणे. आणि काम संपल्यावरही लक्ष न काढणे. तिसरे सूत्र किती मोलाचे आहे, ते 2012 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात दिसले. मीठ काढून बंद केलेल्या एका पोकळीची भिंत ढासळली, वर जमिनीला प्रचंड विवर पडले आणि आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली.

आपल्याकडे तसल्या विहिरी नाहीत, हे खरे. परंतु भूगर्भ आपल्याही पायाखाली आहे. हा दख्खनचा काळा पाषाण. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधील सांध्यांत. विंधणविहीर असे अनेक थर एकदम भेदते. नळी नीट बसविली नाही, तर वरचे पाणी खाली निसटते आणि वरची घाणही त्याच वाटेने उतरते.

कायदा नाही, असेही नाही. 1993 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. 2009 च्या भूजल अधिनियमात 60 मीटर वा त्याहून खोल विहीर 'खोल विहीर' गणली गेली व विहिरींच्या नोंदणीची तरतूद झाली. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण तिची एखादी विहीर साऱ्या पंचक्रोशीची साक्ष कशी देणार? आपल्या विहिरीची साक्ष आपणच नोंदविली पाहिजे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करू. जमिनी विकणारे आपण, इमारती बांधणाऱ्यांत आपण आणि जुन्या विहिरींत राडारोडा व सांडपाणी सोडणाऱ्यांतही आपण. केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवून पाणी वर येणार नाही.

म्हणून आमची सूचना अगदी अल्प खर्चाची आहे. ज्यांच्या घरी विहीर शिल्लक आहे, त्यांनी दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वर्षातून चार वेळा मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. मोजण्यापूर्वी काही तास पंप बंद ठेवावा, म्हणजे पातळी खरी मिळेल. वर्षातून एकदा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन क्षार, नायट्रेट व जंतू तपासून घ्यावेत. हे काम घरातील शाळकरी मुलामुलींकडे सोपवावे. आजोबांची विहीर व नातवाचे गणित यांची तेवढीच गाठ पडेल. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वधूवरांच्या यादीशेजारी या नोंदींचे एक पान मंडळाने छापावे, अशी आमची विनंती आहे.

वाडवडिलांनी विहिरी बांधल्या. त्यांची वही ठेवण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोडले आहे. पुढे कोणी "पूर्वी पाणी किती होते?" असे विचारले, तर आपल्या मुलांना निरुत्तर व्हावे लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.