सही करण्यापूर्वी



बाजारात बैल घ्यायचा असला, की आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो, चार जाणत्या माणसांना विचारतो. जमिनीच्या कागदावर अंगठा उठवायचा तर तो आधी कोणाकडून तरी वाचून घेतो. पण दवाखान्यात शस्त्रक्रियेचा कागद पुढे आला आणि कोणी "इथं सही करा" म्हटले, की आपण मुकाट्याने सही करतो. बांधाच्या वादापायी कोर्टात जाणारे आपण, स्वतःच्या देहाविषयी एक प्रश्न विचारायला का कचरतो?

त्या कागदाला संमतीपत्र म्हणतात. सही ही संमतीची खूण झाली. खरी संमती त्याआधी व्हावी लागते. आजार काय, काय कापणार, फायदा काय, धोका काय, दुसरा उपाय आहे का, आणि शस्त्रक्रिया केलीच नाही तर काय होईल, हे सारे रोग्याला त्याच्या भाषेत समजले पाहिजे. मग तो आपल्या मनाने 'हो' म्हणेल किंवा 'नाही' म्हणेल. दोन्ही उत्तरे देण्याचा त्याला हक्क आहे.

ही गोष्ट आपल्या शिरूरला नवी नाही. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुली व स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि त्यांतील दहाहून अधिक जणींची गर्भाशये काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. बातमी फुटली, स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने 'हो' कोणी म्हणायचे, हा प्रश्न त्या दिवसांत साऱ्या देशाने ऐकला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आता सांगतो की, मूल होण्याची शक्ती जाईल असा कोणताही उपचार अपंग व्यक्तीच्या स्वतंत्र व समजून दिलेल्या संमतीवाचून करता येणार नाही.

धडधाकट माणसांच्याही बाबतीत असे घडते. दिल्लीत एक बाई तपासणीसाठी दवाखान्यात गेली. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय व बीजकोश काढले. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: रोगी सज्ञान आहे, जीव तातडीने धोक्यात नाही, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. अपघात झाला, रोगी बेशुद्ध आहे आणि वेळ दवडली तर प्राण जाईल, तेव्हा मात्र डॉक्टरांनी सहीसाठी थांबू नये. तो अपवाद आहे.

दौंड-शिरूरच्या उसाच्या फडांत बीडकडून पुष्कळ बाया तोडणीला येतात. बीड जिल्ह्यात 2019 साली झालेल्या शासकीय पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कॅन्सर होईल अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. भीतीपोटी दिलेला होकार, त्याला संमती कसे म्हणावे?

म्हणून शस्त्रक्रिया सांगितली, की घाबरू नका आणि घाईही करू नका. घरातले एक माणूस बरोबर न्या. कागद मोठ्याने वाचून घ्या. कोरी जागा ठेवून सही करू नका. तातडी नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. समजून आलेल्या रोग्यावर उपचार करणे त्यालाही सोपे जाते. आणि घरधन्यांनो, पत्नीच्या देहाविषयी आधी तिलाच विचारा.

गुरुजनहो, वर्गात अर्ज-निवेदन शिकवता, त्याबरोबर एकदा संमतीपत्रही वाचून दाखवा. आज तुमच्या बाकावर बसलेले पोर उद्या आजीचा हात धरून दवाखान्यात जाईल. तिचा अंगठा कागदावर टेकण्यापूर्वी त्याने एवढेच म्हणावे, "थांबा, आधी आजीला समजावून सांगा."